जिथं कुणीच वाकत नाही

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे पत्र न उघडताच ठेवून दिलं असतंस, म्हणून पत्ता मी माझ्या खोलीतल्या सोबत्याकडून लिहून घेतला. ही लबाडी पहिल्याच ओळीत कबूल करतो. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मग फाड, जाळ, काय हवं ते कर. या पत्रात पवित्र शास्त्रातलं एकही वचन लिहिलेलं नाही. मागच्या पत्रात अकरा होती. माझ्या त्या चार पानांना तू एका कार्डावर उत्तर दिलं होतंस: "पत्र मिळालं. अक्षर छान आहे." बस्स, एवढंच. आणि मी, ताई, ते कार्ड घेऊन चर्चच्या मंडळीतल्या पोरांना दाखवत फिरलो, की बघा, माझ्या एकाही मुद्द्याला तिच्याकडे उत्तर नाही! तीन वर्षं मी त्याच समजुतीत होतो. तुझ्या त्या ओळीचा अर्थ मला गेल्या महिन्यात लागला.

आधी घरची खबर देतो. पप्पा बरे आहेत. गुडघे कुरकुर करतात, पण शेजारपाजारचा नळ गळायला लागला की अजून त्यांनाच हाक येते, आणि वॉटरवर्क्समधून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ते पाना घेऊन धावतात. मी धर्मविद्यालयात पाळकाच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहाची खोली दोघांची, खिडकी धोबीघराच्या छपरावर उघडते, दिवसभर साबणाची वाफ आत येते. मी होतो तसाच आहे. जेवणाच्या हॉलमध्ये नुसतं मीठ मागितलं तरी पोरं प्रवचन सुरू झालं असं समजून माना खाली घालतात. हा आवाज तूच दिलास मला. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तू चौदाची. मला स्टुलावर उभं करून पहिलं भाषण तूच पाठ करून घेतलंस, आणि स्पर्धेच्या दिवशी मी अडखळलो तेव्हा पडद्याआडून तूच ओठ हलवत होतीस. त्या आवाजाचं मी पुढे काय केलं, ते सांगायला बसलोय.

तू घाबरू नकोस, किंवा हसू नकोस, माझी श्रद्धा पातळ झालेली नाही. येशूशिवाय मला दुसरा तारणारा नाही आणि हे मी कुठल्याही चौकात, कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण यंदा आम्हाला एक विषय आहे, जगातले धर्म. वर्ग सुरू झाला तेव्हा मी पुढच्या बाकावर बाह्या सरसावून बसलो होतो. इतकी वर्षं मिळेल ते वाचून काढलेलं, ग्रंथालयाची कपाटं पालथी घातलेली. मला वाटलं, इतर धर्मांच्या चुका हातात आयत्या मिळणार, पुढं चाळीस वर्षं व्यासपीठावर पुरतील. शिकवणारे सर म्हातारे पाळक आहेत, एका कानानं कमी ऐकतात. पोरांनी त्यांचं नाव खोडरबर ठेवलंय. कारण त्यांचा एक नियम आहे. ज्या धर्मावर तुम्ही पान लिहाल, ते पान तो धर्म पाळणाऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचं. त्यानं "हो, हे आमचंच" असं म्हणून खाली सही केली तर सर तपासणार. सही नसेल तर ते पान उघडतसुद्धा नाहीत. मी पहिल्याच दिवशी उठून म्हणालो, "सर, मग सत्य आणि असत्य यांचा निवाडा कधी करायचा?" त्यांनी चांगला कान पुढे केला, मला पुन्हा म्हणायला लावलं आणि म्हणाले, "करा की निवाडा. पण आरोपीचं नाव-गाव तरी बरोबर लिहा."

माझं पहिलं पान हिंदू धर्मावर होतं. ते मी ग्रंथालयातल्या बाईंना वाचून दाखवलं. बाई रोज घरी पूजा करतात. मी लिहिलं होतं, हे लोक दगडाला देव समजतात. त्या हसल्याच. म्हणाल्या, "अरे बाबा, आम्ही आधी देवाला बोलावतो, ये म्हणतो, बस म्हणतो, आणि मातीची मूर्ती असली तर नंतर निरोपही देतो. दगडच देव असता तर बोलावलं कुणाला असतं?" मी मागे हटणारा नव्हे, हे तुला ठाऊक आहे. पुस्तकं परत करायला आलेली पोरं रांगेत ताटकळली आणि मी तासभर वाद घातला. शेवटी बाईंनी शिक्का खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तू जिंकलास. पण पान चुकलेलंच आहे." सही दिली नाही. मी ते पान तीनदा लिहिलं. बौद्ध धर्मावरचं दोनदा, औषधांच्या दुकानातल्या माणसासमोर, गिऱ्हाइकांच्या मधे मधे. दर वेळी मला राग यायचा, आणि दर वेळी एखादी बारीकशी गोष्ट निघायची जी मी कधी कुणाला विचारलीच नव्हती. तरीही मला वाटत होतं, हा सगळा शिकण्याचा भाग झाला. पुस्तकी चुका. त्यांनी कुणाचं काय बिघडलं?

मग शेवटचं पान आलं. विषय होता, धर्म आपल्या मृताला निरोप कसा देतो. मी इस्लाम घेतला. का घेतला, तर मला वाटलं हे पान माझ्याकडे तयारच आहे. ताई, तुला पाठवलेल्या त्या पत्राची नक्कल मी ठेवली होती. अभिमानानं, फाइलमध्ये, माझ्या गाजलेल्या भाषणांच्या शेजारी. त्यातलं दुसरं पान मी जवळजवळ जसंच्या तसं उतरवून काढलं. ओळी तुला आठवत असतीलच. "तिथं मृतदेह पुढे ठेवून माणसं रांगेनं कमरेत वाकतात, मग कपाळ जमिनीला टेकवतात. जो गुडघा मी फक्त प्रभूपुढे टेकवतो तो मी त्या रांगेत टेकवू शकत नाही. म्हणून मी आलो नाही. मला रडता आलं असतं, वाकता आलं नसतं." शेवटच्या वाक्यावर मी त्या वेळी खूप खूश होतो.

कॉलेजच्या रस्त्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. दुकान म्हणजे एका दाराएवढी जागा, भिंतीभर बंद पडलेली घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. डोळ्याला भिंग लावून ते एका मनगटी घड्याळात चिमटा घालत होते आणि मी आपला खणखणीत आवाजात वाचत होतो. त्या ओळींवर आलो आणि त्यांचा चिमटा थांबला. "पुन्हा वाच." मी वाचलं. त्यांनी भिंग काढलं. "कुठल्या मयतीला गेला होतास?" मी म्हणालो, गेलो नाही. "मग हे बघितलंस कुठं?" कुठं? कुठल्याशा पुस्तकात रोजच्या नमाजाबद्दल वाचलं होतं, ते मी खुशाल कबरस्तानात नेऊन ठेवलं होतं. चाचा उठले. त्या दोन फुटांच्या जागेत स्टूल बाजूला सारून ताठ उभे राहिले, हात बांधले आणि म्हणाले, "बघ. मयतीची नमाज अशी. उभ्यानं. चार वेळा तकबीर, म्हणजे 'अल्लाहु अकबर', मग मान वळवून सलाम, झालं. वाकणं नाही, माथा टेकणं नाही. मेलेल्या माणसापुढं आपण वाकलो असं कुणाला वाटायला नको ना, म्हणून." मी म्हणालो, आणि जो मुसलमान नाही त्यानं काय करायचं? ते म्हणाले, "काय करणार? मागं उभं राहायचं. माझ्या वालिदांच्या, वडिलांच्या, मयतीला समोरचा बेकरीवाला आला होता. दोन्ही हात खिशात घालून उभा होता बिचारा, काय करावं कळत नव्हतं त्याला. पण आला होता."

ताई, जिथं कुणीच वाकत नाही तिथं वाकायला मी नकार दिला होता. मोठ्या तत्त्वानं, अकरा वचनं देऊन. त्या चार पानांत धड होतं ते फक्त अक्षर, आणि तेवढंच तू कार्डावर लिहिलंस. मेलेल्यापुढे वाकू नये, ही जी गोष्ट मी त्यांच्याविरुद्ध ओरडून सांगत होतो, तीच गोष्ट ते लोक तिथं ताठ उभे राहून पाळत होते. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा मी लहान पोरांना शिकवतो, बोटांवर मोजून. ती मी कुणाविरुद्ध मोडली, तर ज्याच्या हातात एकोणीस दिवसांचं मूल होतं त्या माणसाविरुद्ध. आपला प्रभू मित्राच्या थडग्यापाशी गेला तेव्हा आधी रडला. मी आधी पत्र लिहायला बसलो.

मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसलो. चाचांनी सहीसाठी काढून ठेवलेलं पेन खिशाला लावलं आणि विचारलं, कुणाची मयत होती? सांगितलं. बहिणीचा मुलगा, बाप तुमच्यातला, हृदयाला भोक होतं, एकोणीस दिवस जगला. त्यांनी स्टूल माझ्याजवळ ओढलं. मग म्हणाले, लहान मुलासाठी दुआ वेगळी असते. त्याच्यासाठी माफी मागत नाहीत, त्यानं काय गुन्हा केलाय? पूर्वी तांडे चालायचे तेव्हा एक माणूस सगळ्यांच्या पुढं जाऊन पाणी शोधायचा आणि मागून येणाऱ्यांसाठी जागा धरून ठेवायचा. देवाला म्हणतात, या बाळाला तसा आमच्या पुढं गेलेला कर, आईबाप पोचतील तेव्हा त्यानं वाट बघत असावं. मी शेकड्यानं प्रवचनं ऐकली आहेत, दिली आहेत. मेलेल्या बाळाच्या आईला सांगावं असं इतकं थोडक्यात मला कधी काही सुचलं नव्हतं. आणि तुला ते त्या दिवशी कुणीतरी सांगितलं असेल, एवढ्या विचारानं मला पहिल्यांदा थोडं बरं वाटलं.

आता जे तुला माहीत नाही ते सांगतो. त्या सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. तू पप्पांना म्हणालीस, "बाळ गेलं. दुपारी माती आहे. बायका कबरस्तानात जात नाहीत, मला आत जाता येणार नाही, तुम्ही दोघं जा. यांच्या शेजारी आपलं कुणीतरी असू दे." पप्पा म्हणाले, "निघतोच." त्यानंतर ते आले नाहीत आणि फोनही केला नाही. तेव्हापासून तू त्यांच्याशी बोलत नाहीस. मंडळीला भिऊन बापानं पाठ फिरवली, असं तू समजतेस. ताई, पप्पा निघाले होते. त्यांनी बूट घातले होते, रविवारचे, नाड्या बांधून झाल्या होत्या, खिशात घडी केलेला रुमाल होता. मी दारात उभा राहिलो. मी त्यांना म्हणालो, तुम्ही आज त्या रांगेत वाकलात तर आईच्या कबरेपाशी कुठल्या तोंडानं जाल? मी बोलत राहिलो. पाऊण तास. ते दोनदा म्हणाले, "बाळा, बस चुकेल रे." मी थांबलो नाही. मग ते खाली बसले आणि त्यांनी नाड्या सोडल्या. एका श्रोत्यापुढे केलेलं ते भाषण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात परिणामकारक भाषण होतं. नंतर त्यांनी फोनही केला नाही, कारण तोही मीच करू दिला नाही. मी म्हणालो, मी लेखी कळवतो. जो राग तू तीन वर्षं त्यांच्यावर धरलास तो त्यांच्यावरून काढ आणि माझ्यावर घाल. इथे मला माफी नको आहे, फक्त पत्ता दुरुस्त करायचा आहे.

दोन आठवड्यांपूर्वी मी तुमच्या शहरात आलो होतो. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. गच्चीवर तुझा नर्सचा गणवेश वाळत होता, तो ओळखला, आणि परत फिरलो. तिथून हॉस्पिटलात भावोजींच्या एक्स-रे विभागात गेलो. भावोजी. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहितोय, आजवर "तो माणूस" म्हणत आलो. त्यांची सुट्टी होती, ते बरंच झालं. त्यांचे एक सहकारी होते, जाड चष्म्याचे, तेच त्या दिवशी कबरस्तानात होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी फिल्मचं पाकीट खाली ठेवलं आणि मला नीट पाहून घेतलं. मी विचारलं, किती जण होते? ते म्हणाले, "इमाम धरून चार." भावोजींच्या घरचं कुणी आलं नव्हतं, कारण तू तुझा धर्म सोडला नाहीस. आपल्या घरचं कुणी आलं नव्हतं, कारण मी फार बोललो. मग त्यांनी जे सांगितलं ते तुला ठाऊक आहे का, मला माहीत नाही. भावोजी हे तुला बोलले असतील असं वाटत नाही. इमाम पुढे उभे राहिले तेव्हा भावोजींनी त्यांना थांबवलं. बाळ हातात तसंच. म्हणाले, "पाच मिनिटं थांबू या. माझे सासरे येतायत. मेहुणापण आहे." ते वीस मिनिटं थांबले. एक रिक्षा फाटकाशी येऊन थांबली तेव्हा भावोजी दोन पावलं पुढे गेले. तिच्यातून दुसरंच कुणी उतरलं. मग ते परत आले आणि म्हणाले, करा सुरू.

मी चालत कबरस्तानात गेलो. फाटकापाशी चप्पल काढू का असं रखवालदाराला विचारलं, तर म्हणाला, "नको हो, काटे आहेत." लहान मुलांची रांग भिंतीला लागून आहे. त्यानं नंबरावरून जागा दाखवली. नुसती माती, कडेनं चार विटा, आणि ताजं पाणी घातलेलं. सकाळीच कुणीतरी येऊन गेलं असणार, आणि ते कोण हे विचारायची गरज नव्हती. मी उभा राहिलो. हात कुठं ठेवावेत कळेना. त्या बेकरीवाल्यासारखे खिशात घातले. तीन वर्षं उशिरा आलो होतो. त्या दिवशी रिक्षातून उतरायला हवं होतं तेव्हा उतरलो नाही, आणि आता तिथं वाट बघणारं कुणी नव्हतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आपल्या मंडळीत गेलेल्यांच्या आठवणीची उपासना असते. घरोघरचे लोक चिठ्ठ्या देतात आणि त्या नावांचं वाचन होतं. यंदा ते वाचन मला सांगितलंय, म्हणून जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पाळकांनी माझ्याकडे दिला. त्यात पप्पांच्या तीन वर्षांच्या तीन चिठ्ठ्या निघाल्या. त्या उपासनांना मी दर वेळी कुठंतरी भाषणाला गेलेलो असायचो, म्हणून मला कधी कळलं नाही. तिन्हींवर वर आईचं नाव आहे, पूर्ण, आडनावासकट. खाली पप्पांच्या त्या वाकड्या अक्षरात फक्त एवढंच: "आणि माझा नातू." त्यांना नाव माहीत नाही, ताई. मुलगा झाला हे कळलं तेव्हा घरात त्याचं नाव विचारायला मीच बंदी केली होती, आणि पुढं विचारायला त्यांना तोंड उरलं नाही. चाचांनी माझ्या सुधारलेल्या पानावर सही करण्याआधी दुआ करायला हात उचलले आणि विचारलं, "पोराचं नाव काय होतं?" आणि मला, इतक्या बोलणाऱ्याला, ते माहीत नव्हतं. कबरस्तानातला रखवालदार म्हणाला, रजिस्टर काढू का, त्यात असेल. मी नको म्हणालो. ते नाव वहीतून चोरून घेणं मला नको होतं. ते मला तुला विचारायचं आहे, आणि तुझ्याआधी भावोजींना विचारायचं आहे, की आमच्या चर्चमध्ये ते मोठ्यानं उच्चारलेलं त्यांना चालेल का. त्यांनी नाही म्हटलं तर मी "आणि माझा नातू" असंच वाचेन, आणि नाव फक्त पप्पांना घरी सांगेन. तेही नको असेल तर तेही नाही. पण सांगावंसं वाटलं तर सांग, ताई. आपल्या बाळाचं नाव तुम्ही काय ठेवलं होतंत?

तुझाच,
धाकटा